पाचवी नोंद

माळवाडी फाट्यावर गाडी ठोकल्याचा आवाज आला की लोक आधी रस्त्याकडे बघायचे आणि लगेच आनंदरावांच्या दुकानाकडे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवा भरायचा कॉम्प्रेसर, ट्यूबचं भोक शोधायला पाण्याची पाटी, आणि बाहेर उभ्या केलेल्या टायरवर चुन्यानं लिहिलेलं 'पंचर'. शिवऱ्याहून वरव्याकडे जाताना हायवे जिथं वळतो, अगदी तिथंच ही शेड. त्यामुळे अपघात झाला की पहिले पोचणार आनंदराव, आणि हवालदार आले की पंच म्हणून सापडणार तेही आनंदरावच, हे ठरून गेलेलं होतं.

पंच व्हायला गावात कुणी राजी नसतं. कोर्टाचं समन्स येतं, हेलपाटे पडतात, कामाचा खाडा होतो, आणि वकील भलतंसलतं विचारून चारचौघांत फजिती करतो ती वेगळीच. पोलिसांची गाडी दिसली की माळवाडीतले धट्टेकट्टे गडी बांधाआड व्हायचे. आनंदराव मात्र हात पुसत पुढं यायचे. लोक त्यांना 'पंचआण्णा' म्हणायचे, थोडं मानानं आणि बरंचसं चेष्टेनं. आनंदरावांना त्यातला मान तेवढा ऐकू यायचा. सातवी शिकलेला, उमेदीची दहा वर्षं ट्रकवर क्लीनर म्हणून काढलेला माणूस. आयुष्यात कुणी त्यांची सही मागितली नव्हती. आता खाकीतला माणूस गाडीतून उतरून "आनंदराव, या जरा" म्हणत होता. कोर्टाची तारीख असली की बायको, लीलाबाई, ट्रंकेतला पांढरा सदरा काढून द्यायची आणि म्हणायची, "जावा, सरकार खोळंबलंय तुमच्यासाठी."

सही मोठी देखणी होती. 'आनंदराव गेनू' एवढी अक्षरं, खाली लांबलचक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

या सहीचीच सगळी गोष्ट आहे, म्हणून ती कशी व्हायची ते सांगायला हवं. पंचनामा लिहायला तास-दीड तास लागतो. गाडी कुठं थांबली, काचा कुठं पडल्या, रक्त कुठं सांडलं, सगळं मोजून लिहायचं. ते झाल्याशिवाय प्रेत हलवत नाहीत. हललं तरी पुढं सरकारी दवाखान्यात चिरफाड असते, आणि दिवस मावळला की ती दुसऱ्या दिवसावर जाते. आनंदराव पहिल्यांदा पंच झाले तेव्हा असंच झालं होतं. सारोळ्याचा कुणी तरणा गडी गेला होता. पंचनाम्याला उशीर झाला आणि त्याची आई सकाळपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. आनंदराव तिला चहा द्यायला गेले तर तिनं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती बाई त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी हवालदार मानसिंग म्हणाले, "आनंदराव, असं करू. तुमी खाली सही करून ठिवा, मजकूर मी चौकीत बसून भरतो. मयत लवकर घरी जाईल," तेव्हा आनंदरावांना तो माणूस देवासारखा वाटला. कोऱ्या कागदावर सही करायची नसते हे काय त्यांना कळत नव्हतं? पण कागदापेक्षा पायरीवरची आई मोठी. त्यांनी सही केली, प्रेत दुपारीच घरी गेलं, मेलेल्याच्या भावानं त्यांचे पाय धरले. तिथून पुढं चौदा वर्षं हीच रीत पडली. मानसिंग काळ्या रेक्झिनच्या पाकिटातून कोरा कागद काढायचे, आनंदराव पान्यानं काळे झालेले हात चड्डीला पुसायचे आणि खाली रेघ, दोन टिंबं. दुसरा पंच म्हणून चहावाल्याला नाहीतर धनाजीला ओढून आणायचे. धनाजी म्हणजे शेजारचा, तोंडाचा फाटका पण मनाचा बरा. तोही कोऱ्यावरच सही ठोकून मोकळा व्हायचा.

मानसिंग नुसते हवालदार राहिले नव्हते, घरचे झाले होते. ड्यूटीवर असले की लीलाबाईच्या हातचं पिठलं खाऊन जायचे. आनंदरावांची लेक छाया हिच्या लग्नात वर्दी काढून, बनियनवर, शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत होते. "तुमच्यासारखा भरवशाचा पंच अख्ख्या हद्दीत न्हाई," असं ते बोलले की आनंदरावांचा दिवस चांगला जायचा.

आता रस्त्याचं. माळवाडी हायवेच्या अलीकडे आणि माळवाडीची जमीन पलीकडे. आधी दोन पदरी रस्ता होता तोवर बाया डोक्यावर भारा घेऊन गप्पा मारत आडव्या जायच्या. मग रस्ता रुंद झाला. मोजणीला आलेल्या साहेबांनी शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं की हितं रस्त्याखालनं बोगदा होणार, बैलगाडी आरामात जाईल एवढा. लोकांनी त्या बोलीवर जमिनीच्या कागदांवर अंगठे दिले. रस्ता झाला, बोगदा काही झाला नाही. विचारायला गेलं तर ते साहेब बदलून गेलेले, नवे साहेब म्हणाले, नकाशात नाही. शेवटी दुभाजकात माणूस आडवा जाईल एवढी फट ठेवून दिली, तीही वळणाच्या ऐन पोटात. त्या फटीत उभं राहिलं की साताऱ्याकडून येणारी गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. गाव त्या फटीतून शेताला जात राहिलं, कारण शेत काही अलीकडे येणार नव्हतं.

लीलाबाई त्या फटीत सापडली ती दोन वर्षांपूर्वी, माघात. ओढ्याकाठच्या आपल्या वावरातून मेथीच्या जुड्या घेऊन येत होती. मोटारसायकलनं उडवली. आनंदराव ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होते. आवाज झाला आणि नेहमीसारखे पळाले. अर्ध्या रस्त्यात त्यांना लुगड्याचा रंग ओळखू आला. मांडीचं हाड मोडलं होतं, खुबा फुटला होता. आरोग्य केंद्रातली मंगल सिस्टर, मूळची वेल्ह्याकडची, ती नेमकी त्या वेळी एसटीची वाट बघत होती. तिनं मांडीला दोन फळ्या बांधून घेतल्या, कुणाला पाय ओढू दिला नाही, पाणी पाजू दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या बाईमुळे तुमची बाई वाचली.

पुण्याच्या दवाखान्यात लीलाबाईला आत घेतलं होतं आणि आनंदराव जिन्यात बसले होते, तेव्हा मानसिंग आले. बरोबर त्या मोटारसायकलवाल्याचा बाप. पोरगा नुकताच लष्कराच्या भरतीत निवडला गेला होता. बाप टोपी हातात घेऊन उभा. बोलले ते मानसिंगच.

"आनंदराव, बाई जित्ती हाय, देवाची किरपा. केस केली तर पोराची नेमणूक जाती. एका घराचं वाटोळं करून आपल्याला काय मिळणार?"

आनंदराव म्हणाले, "केस नको तर नको. पण डायरीला नोंद तरी करा, साहेब. झालं ते कुठंतरी लिवलेलं असू द्या."

"म्हंजे काय! नोंद न करून चालंल व्हय? माझ्यावर भरवसा न्हाई?"

भरवसा होता. मानसिंगांनी कागद पुढं केला. तिथंही, बायको आत टेबलावर असताना, आनंदरावांनी कोऱ्या कागदावर सही केली. लीलाबाईला विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती हे खरं, पण नंतर सोय झाली तेव्हाही त्यांनी तिला विचारलं नाही.

लीलाबाई घरी आली ती वॉकर घेऊन. डावा पाय दीड इंचानं आखूड झाला होता. चाळीस वर्षं घरात न बसलेली बाई शेडमधल्या खुर्चीत बसून हायवेपलीकडचं आपलं वावर बघायला लागली. तिथून तिची विहिरीकडची जांभूळ दिसायची. वावर धनाजी वाट्यानं करत होता. तो बांधावर काय लावतो, पाणी कधी सोडतो, हे ती इकडून ओरडून सांगायची आणि मधून ट्रक गेला की तिचं अर्धं बोलणं ट्रकबरोबर जायचं. "बोगदा झाला असता तर वॉकर घेऊन का हुईना, गेले असते की," असं ती म्हणायची. बाकी तिला काही नको होतं. आपल्या पायानं एकदा त्या जांभळीपर्यंत जायचं, एवढंच.

आणि अधूनमधून ती विचारायची, "अवो, माझ्या केसचं काय झालं?"

पहिल्यांदा आनंदरावांच्या तोंडून निघून गेलं, "चालू हाय." मग एका खोट्याला दुसरं लागलं. वर्षातून तीन-चारदा ते पांढरा सदरा घालायचे, "तुझी तारीख हाय" म्हणायचे, आणि भोरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. दुपारपर्यंत बाकावर बसून शेंगा खायच्या आणि तीनच्या गाडीनं परत यायचं. "पुढची तारीख दिली," असं सांगितलं की लीलाबाई म्हणायची, "कोर्टाचं असंच असतंय." स्वतः उठून, वॉकर टेकत, त्यांना पाणी आणून द्यायची.

बोगद्याचं पुन्हा सुरू केलं ते मंगल सिस्टरनं. ती आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात फाट्यावरून आलेल्या जखमींना लाल पेनानं खूण करायची. एक दिवस शेडमध्ये येऊन म्हणाली, "आण्णा, डेंगीचे दोन पेशंट निघाले तर जिल्ह्याहून गाडी येते, गावभर धुरळणी होते. इथं एवढी माणसं मोडतायत तर कुणी फिरकत नाही. हा पण रोगच आहे की नाही?" तिनं अर्ज लिहिला. आनंदरावांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. पहिली सही लीलाबाईची, दुसरी त्यांची. रस्त्याच्या ऑफिसातून उत्तर आलं की पाहणी करू. गावाला केवढा आनंद झाला! आनंदरावांना वाटलं, एकदा बोगदा झाला की त्या खोट्या तारखांचं ओझं आपोआप उतरेल. लीलाबाई वावरात जाईल आणि केस विसरून जाईल.

पाहणीला एक इंजिनिअर बाई आल्या. पोरसवदा होत्या, पण कामाच्या पक्क्या. सकाळी फट पाहिली, वळण पाहिलं, फोटो काढले, आणि शाळेच्या त्याच ओट्यावर ग्रामसभा बसली. लीलाबाईला धनाजीनं टेम्पोत घालून आणलं होतं. ती पुढं, प्लास्टिकच्या खुर्चीत, वॉकर समोर धरून.

बाईंनी समजेल असं सांगितलं. अपघाताचं ठिकाण धोक्याचं म्हणून जाहीर व्हायला तीन वर्षांत, पाचशे मीटरच्या आत, मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात नोंदलेले लागतात. "तुमच्याकडचे एकूण नऊ नोंदलेले आहेत. पण फाट्यावरचे चारच आहेत."

"चार?" धनाजी उठला. "अवो बाई, नऊच्या नऊ हितंच झालं की! आमी काय आंधळं हाय?"

"कागदावर तसं नाही. हा पाहा, ढाब्यासमोर. हा पेट्रोल पंपाजवळ. हे तीन नुसतेच 'शिवरे गावचे हद्दीत'. कुठं ते लिहिलेलंच नाही." मग बाईंनी एक पंचनामा वाचून दाखवला. "सदरचा रस्ता डांबरी असून सरळ व सपाट आहे. दूरवरचे स्पष्ट दिसते. रस्त्यामध्ये कोणताही अडथळा अगर दोष दिसून येत नाही. सदरचा मजकूर आम्हां पंचांचे समक्ष लिहिला असून तो बरोबर व खरा आहे." त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पंचनाम्यातही तेच होतं. तिसऱ्यातही तेच, स्वल्पविरामासकट. "आणि वळणाबद्दल तुम्ही जे अर्जात लिहिलंय ते कुठल्याही पंचनाम्यात नाही. आठ ठिकाणी पंच एकच आहेत, आनंदराव गेनू."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. सगळा ओटा आनंदरावांकडे बघायला लागला.

सरळ व सपाट! ज्या वळणावर त्यांनी माणसं उचलली, ज्यांच्या रक्तानं त्यांचे सदरे खराब झाले, ते वळण त्यांच्याच सहीनं सरळ करून टाकलं होतं. चौदा वर्षं पिठलं खाऊन, लेकीच्या लग्नात वाढून, मानसिंगांनी एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला होता, कारण तो तोंडपाठ होता आणि जागा शोधत बसायचा कंटाळा होता. त्यात काही डाव तरी असता! नुसता आळस होता. आनंदरावांना त्याचीच जास्त चीड आली.

"पंचआण्णा, वाचलं का न्हाई कवा?" धनाजी ओरडला. स्वतःची दुसऱ्या नंबरची सही तो बरोबर विसरला होता.

मंगल सिस्टर उठली. "मॅडम, अजून एक अपघात धरा. लीलाबाई, दोन वर्षांपूर्वी, याच फटीत. माझ्या रजिस्टरला आहे, मी स्वतः फळ्या बांधल्यात."

"रजिस्टर चालत नाही हो. गुन्ह्याचा नंबर हवा. निदान पोलीस डायरीची नोंद." बाईंनी आपली यादी वरून खाली पाहिली, पुन्हा पाहिली. "असं काही नोंदलेलं नाही."

लीलाबाईनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, मदतीला बघावं तसं. "अवो, सांगा की त्यास्नी. केस चालू हाय न्हवं? तारखा पडत्यात न्हवं?"

आनंदराव वॉकरच्या रबरी पायांकडे बघत राहिले. ओट्यावरच्या सगळ्यांना काय ते कळलं. लीलाबाईला सगळ्यात शेवटी कळलं, कारण तिला कळून घ्यायचं नव्हतं.

इंजिनिअर बाई खाली बघून म्हणाल्या, "पाच असते तर याच महिन्यात फट बंद करून दिवे आणि पट्ट्या लावल्या असत्या, रस्ता ओलांडायला माणूस उभा केला असता. बोगद्याचा प्रस्तावही गेला असता. चारवर माझा हात चालत नाही."

आनंदराव तिथून उठले ते तडक चौकीत गेले. मानसिंग चहा पीत होते. "माझ्या बायकोची नोंद केली न्हवती तुमी?"

मानसिंगांनी कपाळाला हात लावला. "अवो, कामाच्या रगाड्यात राहून गेलं बघा. बसा, च्या घ्या." आनंदराव बसले नाहीत. त्यांना शिव्या द्यायच्या होत्या, आणि सगळ्या वाटेवर त्या जुळवूनही ठेवल्या होत्या. पण 'राहून गेलं' या शब्दांपुढं एकही शिवी पुरी पडेना. घर फोडणाऱ्याला माणूस शिवी देतो. जो तुमचं आयुष्य बाकावर विसरून जातो त्याला काय म्हणणार?

घरी लीलाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जेवायला वाढलं. मग एवढंच विचारलं, "पांढरा सदरा घालून कुठं जाऊन बसत व्हता?"

"भोरच्या स्टँडावर."

"दोन वर्सं?"

"व्हय."

त्यानंतर ती कामापुरतंच बोलायला लागली. सदरा तिनं धुऊन, घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातला.

चैत्र लागला. गावची फुलाबाई, पासष्टीची विधवा, पलीकडच्या डोंगरात जाऊन करवंदं आणायची आणि फाट्यावर द्रोणांतून विकायची. त्या दिवशी दुपारी पाटी डोक्यावर घेऊन ती फटीत उभी राहिली, गाडी नाही असं बघून निघाली, आणि वळणावरून आलेल्या मोटारीनं तिला उडवलं. आनंदराव पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी शेडमधली चादर तिच्यावर घातली आणि रस्त्यावरची करवंदं गोळा करायला लागले. कशासाठी करत होते देव जाणे.

तिचा मुलगा भिमा शेतातून धावत आला. थोड्या वेळानं मानसिंग आले. त्यांनी पाकिटातून कोरा कागद काढला, नेहमीसारखा आनंदरावांपुढं धरला.

"आधी लिवा," आनंदराव म्हणाले.

"काय?"

"सगळं. हितं बसून लिवा. मग मी वाचणार. मग सही."

मानसिंग हसल्यासारखं करून म्हणाले, "इतकी वर्सं वाचलं न्हाई आन आज कशापायी? साडेतीन वाजल्यात. म्हातारी उन्हात हाय."

"फीत काढा." आनंदराव जाऊन फटीत उभे राहिले, फुलाबाई उभी होती तिथंच. "गाडी कुठं दिसती ते हितनं मोजा. आन मैलाच्या दगडापासून किती, ते बी."

मानसिंगांनी धनाजीला हाक मारली. पण ग्रामसभेत एवढं बोलल्यावर कोऱ्यावर सही करायला धनाजीला लाज वाटली. चहावाला स्टोव्ह बंद करून निघून गेला. वेळ जायला लागला. भिमाला कळेना काय चाललंय. तो आनंदरावांच्या पायाशी येऊन बसला.

"आण्णा, करा की सही. उद्यावर गेलं तर रातभर तिथं एकली पडंल ती. तुमी तर कुणाला असं थांबवलं न्हाई आजवर."

आनंदरावांना ती सारोळ्याची आई आठवली, हातात थंड झालेला चहा घेऊन बसलेली. त्यांचा हात पेनाकडे गेला. पुन्हा मागं आला. "भिमा, जरा दम धर, बाबा. हे लिवलं तर पाच हुत्यात. मग बोगदा हुईल."

भिमा उठून उभा राहिला. डोळे पुसले. "तुमाला बोगदा पायजे, आण्णा. मला माझी आय घरी न्यायची हाय." आणि त्यांच्या पायापाशी थुंकला.

तरी आनंदराव हलले नाहीत. मानसिंगांनी शेवटी फीत काढली. वळण लिहिलं, फट लिहिली, गाडी चाळीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही हे लिहिलं, ठिकाण माळवाडी फाटा असं लिहिलं. आनंदरावांनी कागद घेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला आणि मग सही केली. खालची टिंबं द्यायची राहिली. ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा पावणेसहा झाले होते. दवाखान्यातून फोन आला की आता उद्या सकाळी. भिमा तिथंच पायरीवर बसून राहिला असं नंतर कळलं.

आनंदराव शेडमध्ये आले. लीलाबाई खुर्चीत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. वाटेवरून वेचलेली करवंदं त्यांनी पाण्याच्या पाटीशेजारी ठेवली.

"केली सही?"

"केली. वाचून केली. वळण लिवून घेतलं, फट लिवून घेतली. फाट्यावरच धरलाय." कितीतरी दिवसांनी आनंदरावांच्या आवाजात जीव आला होता. "पाच झाले, लीला. आता देतील बोगदा. तू जाशील वावरात."

लीलाबाई पलीकडच्या जांभळीकडे बघत राहिली. मधून दोन ट्रक गेले. ते जाईपर्यंत ती थांबली.

"माझ्या टायमाला असं अडून बसला असता," ती म्हणाली, "तर पाच तवाच झालं असतं. फुलाबाई आज करवंदं इकून घरी गेली असती."